खरवड

भांडं लाल, जड, ओतीव लोखंडाचं.
जहाजाची नोकरी सुटली तेव्हा बॅगेत हेच होतं,
आणि सहा लांब काटे, टोकाला वेगवेगळे रंग.
विमानतळावर विचारलं, हे काय?
तर म्हणाला म्हणे, सामान.

तीन वर्षं ते माळ्यावर,
गणपतीच्या मखरामागे.

या डिसेंबरात न बोलता खाली काढलं.
पणजीहून दोन तऱ्हेचं चीज आणलं.
किंमत ऐकून मी म्हटलं, यात अख्खा इसवण आला असता.
तो हसला नाही.
स्वयंपाक करताना तो हसत नाही.

फोंड्याचा आमचा फ्लॅट, तिसरा मजला,
तिस्कावरच्या कंडक्टरची हाळी ओट्यापर्यंत येते.
पदेराचे उंडे सकाळपासून उघडे ठेवलेले.
वारा लागू दे, म्हणाला, ताजा पाव काट्यावर टिकत नाही.
लसणाची पाकळी कापून भांड्याला आतून चोळली,
घावन घालताना तव्यावर अर्धा कांदा फिरवतो तशी.
मग पांढरी वाईन. उकळायची नाही,
कडेला बुडबुडे बसले की पुरे.
मग किसलेलं चीज, कॉर्नफ्लोअर लावलेलं, मुठीमुठीने.
पळी आठाच्या आकड्यात फिरव, म्हणाला.
मी आठ काढला.
तो नव्हे गे, इंग्रजी.

आणि ते फाटलं.
खाली रबरी गोळा, वर तेलकट पाणी.
त्याने पळी माझ्या हातातून घेतली, बाजूला ठेवली.
काही बोलला नाही.
पाहुणे बाहेर बसलेले.

चेरीची दारू लागते शेवटी, ती कुठली इथे,
म्हणून समोरच्या फेर्मिनाला काजूफेणी आणायला सांगितली होती.
ती बाटली घेऊन आत आली, भांड्यात डोकावली:
लिंबू पीळ मरे! दूद न्हय तें, लिंबाक भियेवचें ना.
दूध लिंबाने नासतं.
हे लिंबाने सांधलं.
पळीला मऊ दोरी लागली, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

खालचे केरकरमास्तर
जन्मात कुणाच्या ताटाला शिवले नाहीत.
काटा हातात धरून बसले.
म्हणजे सगळ्यांचं उष्टं?
काटा ओठाला लावायचा नाही मास्तर, पाव दातांनी ओढायचा.
पहिला घास त्यांनी डोळे मिटून घेतला.
चौथ्याला हिरवा काटा सोडून
फेर्मिनाचा पिवळाच उचलला,
कुणी काही बोललं नाही.

सोळा वर्षं मी हे आत शिजवलं, हा म्हणाला.
वाढपी घेऊन जायचे. दार झुलायचं.
झुलत्या दारातून हसणं यायचं, अर्धंच.
बसून बुडवलं नाही कधी.

ज्याचा पाव भांड्यात पडेल
त्याने एक खरी गोष्ट सांगायची, असं ठरलं होतं.
फेर्मिनाचा पडला. लॉटरीत तीन हजार लागलेले,
ते तिने नवऱ्याला अजून सांगितलेले नाहीत.
मास्तरांचा पडला, ते म्हणाले मला आठवत नाही काही,
आम्ही सोडून दिलं.
मग ह्याचा.
बराच वेळ तो भांड्यात तुकडा शोधत राहिला.

आईच्या बाराव्याला, म्हणाला,
कंपनी रजा देत होती.
मीच मागितली नाही.

खाली एक बस सुटली.
मास्तरांनी त्याच त्या तुकड्याला
पुन्हा काटा टोचला. फेर्मिनाने फेणी ओतली,
तिला ठाऊक होतं किती ओतायची ते.

मला हे अकरा वर्षं माहीत नव्हतं.
मी तेव्हा त्याच्या वाटचे पैसे मोजून भटांना दिले होते.

भांडं रिकामं होत आलं तसा तळाला
तांबूस पापुद्रा धरला, कुरकुरीत, कडेला जरा करपलेला.
जहाजावर ह्याला काहीतरी फ्रेंच नाव होतं, तो म्हणाला.
मी म्हटलं, खरवड.

खणाच्या मागच्या बाजूला एक शिंपला आहे,
सासूबाई त्याने दुधाचं पातेलं खरवडायच्या.
मी तो का ठेवला, सांगता येत नाही.
धुऊन आणला, त्याच्या हातात दिला.

तो खरवडत राहिला, आवाज नको इतका मोठा.
चार वाटे झाले. मास्तर म्हणाले,
माझा जरा लहान दिसतो.

भांडं दोन दिवस पाण्यात होतं.
वास अजून आहे.
फेर्मिनाने जिन्यात विचारलं, परत केव्हा?
मी म्हटलं, चीजचा भाव बघून.